तारण नाही म्हणून उद्योग अडू नये
(लघुउद्योजकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका छोट्या कारखानदाराला भेटलो होतो. हाती कसब होते, मालाला मागणी होती. पण नव्या यंत्रासाठी त्याने पत्नीचे दागिने गहाण टाकले होते. ‘बँक तारण मागते, ते कुठून आणू?’ त्याच्या या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही अस्तित्वात होते. ते त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवले नव्हते, हे खरे दुःख.

संसदेच्या १९८९ च्या कायद्यान्वये २ एप्रिल १९९० रोजी भारतीय लघुउद्योग विकास बँक, अर्थात सिडबी, स्थापन झाली. मुख्यालय लखनौला. केंद्र सरकार, स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ आदी सार्वजनिक संस्था तिच्या प्रमुख भागधारक आहेत. तिची शाखा आपल्या गल्लीत दिसत नाही. कारण तिचे मोठे काम पडद्यामागचे आहे. लघुउद्योगांना कर्ज देणाऱ्या बँकांना ती पुनर्वित्त पुरवते. विहिरीचे पाणी पाटाने शेतात जावे, तसे हे भांडवल आपल्यापर्यंत येते.

२००० साली केंद्र सरकार व सिडबी यांनी मिळून पतहमी न्यास उभारला. सूक्ष्म व लघुउद्योगाला बँकेने तारणाविना कर्ज दिले, तर त्यातील मोठ्या हिश्श्याची हमी हा न्यास घेतो. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० कोटी रुपये झाली आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. ही हमी बँकेला असते. कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.

दुसरा घाव थकलेल्या बिलांचा. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. पण नोंदणीच नसेल, तर दाद कशाच्या बळावर मागणार?

म्हणून माझी विनंती अशी. उद्यम नोंदणी करा, हिशेब चोख ठेवा आणि बँकेत गेल्यावर ‘पतहमी योजनेत माझे प्रकरण बसते का?’ असे स्पष्ट विचारा. ज्यांना हे ठाऊक आहे, त्यांनी वस्तीतल्या एका तरी कारागिराला सोबत घेऊन बँकेची पायरी चढावी. घरातले दागिने घरातच राहिले, तर या मेळाव्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.