उघडे दार



देवावर भरवसा ठेवून धीर धरणे म्हणजे काय, याविषयी बोलताना मला पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. १९१२-१३ च्या सुमारास त्यांनी निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, ख्रिस्ती हायस्कूल काढले; कन्या मनोरमाबाई तेथे मुख्याध्यापिका होत्या. त्यांची खरी कसोटी मात्र त्यापूर्वीच लागली होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार होते. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. हिंदू मुलींना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. सल्लागारांना यात अटीचा भंग दिसला. त्यांचे म्हणणे निराधार होते, असे मी म्हणणार नाही. १८९३ साली ते मंडळ दूर झाले, अनेक मुलींना पालकांनी नेले. दार लावून घेतले असते, तर बहुधा पाठिंबा टिकला असता. रमाबाईंनी ते लावले नाही.

तडजोड पापाचा वेष घेऊन क्वचितच येते. ती सत्कार्याची मदतनीस म्हणून येते, म्हणूनच ओळखू येत नाही.

धीर धरणे म्हणजे स्वस्थ बसणेही नव्हे. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचे साहाय्याचे वचन दहाच वर्षांचे होते. ती मुदत सरण्याआधीच रमाबाईंनी केडगावास जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. झाडाला फळ येण्यास वर्षे लागतात. तोवर पाणी घालणे आपल्या हाती असते. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना त्याच भूमीवर आसरा मिळाला.

आपल्या बीदर-कलबुर्गीकडील दलित ख्रिस्ती घरांपुढे हेच दार जातीच्या दाखल्याच्या रूपाने येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. मग रविवारी उपासना एका देवाची आणि अर्जातील धर्माच्या रकान्यात नोंद दुसरी, असा मोह होतो. लेकराच्या शिक्षणासाठी जीव तोडणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. हा भेद मला अन्यायाचा वाटतो. तो दूर व्हावा म्हणून सनदशीर मार्गाने अवश्य झगडावे. परंतु रकान्यात खरे तेच लिहावे.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, खरे लिही, देव पाहून घेईल, असे आपण त्या मुलाला सांगणार असू, तर त्याच्या फीचा भार आधी आपण उचलला पाहिजे. देव पुष्कळदा माणसांच्याच हातून पुरवठा करतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्या नावाने असा एक निधी या शाळेत सुरू व्हावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.