पारलिंगी मुले, शाळा आणि कायद्याची चर्चा

(विजयनगर, म्हैसूर येथे स्पर्धा परीक्षांच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आज आपण ज्या राज्यात बसलो आहोत, त्या कर्नाटकाने जुलै २०२१ मध्ये सरकारी नोकरभरतीच्या नियमांत दुरुस्ती करून पारलिंगी उमेदवारांसाठी एक टक्का जागा राखून ठेवल्या. असे करणारे हे देशातील पहिले राज्य. हे आरक्षण समांतर आहे. म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत एक टक्का. तमिळनाडूने २०१५ मध्ये वेगळी वाट धरून या समाजाचा समावेश अति मागास वर्गात केला होता. हा भेद प्रश्नपत्रिकेत येऊ शकतो, म्हणून आपण तो पाठ करता. परंतु कर्नाटकाच्या त्याच नियमातील पुढची तरतूद सहसा वाचली जात नाही. पुरेसे पारलिंगी उमेदवार न मिळाल्यास त्या जागा त्याच प्रवर्गातील पुरुष वा महिला उमेदवारांतून भराव्यात, असे ती सांगते.

उमेदवार का मिळू नयेत? पदवीधर घडण्यास पंधरा वर्षांचे अखंड शिक्षण लागते आणि या मुलांची शाळा पुष्कळदा वयात येतानाच सुटते. कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षपदी २०१९ मध्ये निवड झालेल्या आणि २०२१ च्या पद्मश्रीच्या मानकरी मंजम्मा जोगती यांचे घरही किशोरवयातच सुटले. त्यांना जोगती नृत्याने तारले. प्रत्येकाला अशी कला कोठून लाभणार? सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर कोल्हापूर-सांगलीहून जाणाऱ्या आपल्या लोकांना जोगते परिचित आहेत. आपण त्यांच्यापुढे हात जोडतो. त्यांच्या शाळेची चौकशी मात्र करत नाही.

२०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद ४,८७,८०३ व्यक्तींची झाली. त्यांपैकी सुमारे ५५ हजार शून्य ते सहा वयोगटातील होत्या. या मुलांची नोंद अर्थातच घरातील मोठ्यांनी केली असणार. त्यात जन्मतः शारीरिक लिंग संदिग्ध असलेली बालकेही असतील, हे ध्यानात ठेवावे. तरीही हा प्रश्न केवळ प्रौढांचा नाही, हे या आकड्यावरून दिसते.

आता कायद्याकडे वळू. १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी तिरुची शिवा यांचे खासगी विधेयक राज्यसभेत संमत झाले. लोकसभेत ते पुढे सरकले नाही. सरकारी विधेयक २०१६ मध्ये आले, २०१९ मध्ये नव्याने मांडले गेले. ते प्रवर समितीकडे पाठवावे ही सूचना राज्यसभेत ५५ विरुद्ध ७४ मतांनी फेटाळली गेली आणि कायदा झाला. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावरून तेव्हा जो वाद पेटला तो आपण वाचला असेल. अल्पवयीन मुलांविषयीच्या दोन तरतुदींवर त्या मानाने फारच थोडी चर्चा झाली. अठरा वर्षांखालील मुलासाठी अर्ज आईवडिलांनी वा पालकांनी करायचा. आणि आईवडील सांभाळ करण्यास असमर्थ असतील, तर न्यायालयाच्या आदेशाने मुलाला पुनर्वसन केंद्रात ठेवायचे.

येथे दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. अल्पवयीन मुलाला कोणीही घरातून फूस लावून नेऊ नये, ही शासनाची काळजी रास्त होय. पण ज्या घरात मारहाण होते, त्याच घराच्या सहीवर मुलाची ओळख अवलंबून ठेवणे कितपत न्याय्य? गुरु-चेल्यांच्या घराला तर या कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत जागाच दिली नाही. ‘मुलांचे रक्षण’ या शब्दांचा इतिहासही तपासावा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदणीकृत हिजड्याने सोळा वर्षांखालील मुलगा जवळ ठेवणे हा दोन वर्षांच्या कैदेचा गुन्हा ठरवला होता. त्या नोंदवहीचा पडसाद २०११ मध्ये कर्नाटक पोलीस कायद्यात घातलेल्या ३६-अ या कलमात उमटला.

नोव्हेंबर २०२१ मधील वाद या शहराला अधिक जवळचा आहे, कारण एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था येथे मानसगंगोत्रीत १९६३ पासून शिक्षक घडवते. एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका प्रसिद्ध केली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतला आणि ती संकेतस्थळावरून काढण्यात आली. आक्षेपांत स्वच्छतागृहांची व्यवस्था होती, तसाच तारुण्य लांबवणाऱ्या औषधांचा उल्लेखही होता. माझ्या मते हे दोन विषय एकत्र बांधले गेले, तेथेच चर्चा भरकटली. औषधांचा प्रश्न वैद्यकीय पुराव्याचा आहे. ब्रिटनमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालाने तो पुरावा अपुरा ठरवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये टेनेसी राज्याची अशा उपचारांवरील बंदी कायम ठेवली. त्यावर तज्ज्ञांनी अवश्य वाद घालावा. परंतु मधल्या सुट्टीत कोणी छळू नये, हजेरीच्या वेळी वर्ग हसू नये, यासाठी कोणते औषध लागते?

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यानंतर पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय आला. शाळेच्या बाबतीत न्यायालयाचे लक्ष वेधले ते एका शिक्षिकेने. पारलिंगी असल्यामुळे दोन खासगी शाळांतील नोकरी गमावलेल्या या शिक्षिकेच्या याचिकेवर १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला आणि समान संधी धोरणाचा मसुदा करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.