काउंट रमफर्ड यांचे सूप

गरिबाच्या जेवणाचा खर्च कमी करायचा तर धान्याच्या भावाइतकेच चुलीकडेही पाहिले पाहिजे, हा विचार प्रयोगाने मांडणाऱ्यांत बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रमफर्ड, यांचे नाव अग्रभागी येते. मूळचे मॅसॅच्युसेट्सचे हे लष्करी अधिकारी बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या नोकरीत होते. 1 जानेवारी 1790 रोजी त्यांनी म्युनिकमधील भिकाऱ्यांची धरपकड करवून त्यांना सरकारी कामशाळेत कताईला लावले आणि इतक्या माणसांच्या दुपारच्या जेवणाचा प्रश्न तोलूनमापून सोडवायला घेतला. परोपकार आणि बंदोबस्त त्यांनी असे एकाच हुकमात उरकले.

त्यांच्या सूपमध्ये सडून कोंडा काढलेले सातू, वाटाणे, बटाटे, व्हिनेगर, मीठ आणि भरपूर पाणी असे. ते मंद आचेवर तीन तासांहून अधिक शिजे. पावाचे शिळे, कडक तुकडे तेवढे वाढतेवेळीच त्यात पडत, कारण चावावे लागले की जेवण लांबते आणि जेवल्याचे समाधान वाढते, असे त्यांचे निरीक्षण होते. बटाट्याविषयी लोकांच्या मनात इतकी अढी होती की सुरुवातीला तो वेगळ्या खोलीत, पार विरघळेपर्यंत शिजवून, गुपचूप मिसळावा लागला. विस्तव बंदिस्त करून साधलेली सरपणाची बचत मात्र अस्सल होती. उष्णता हा त्यांचा खरा प्रांत.

घोटाळा झाला तो पाण्यापाशी. सुमारे 20 औंसांच्या वाढणीत सुके अन्न सहा औंसांहूनही कमी असताना माणसे तृप्त होतात, हे पाहून शिजताना पाण्याचेच अन्न होत असावे, असे अनुमान त्यांनी काढले. वस्तुतः सातूतील स्टार्च, म्हणजे पिठूळ अंश, पाणी शोषून फुगतो आणि सूप दाट होते. पोट भरते, पोषण मूळ धान्याएवढेच राहते. कोकणात टंचाईच्या दिवसांत तांदूळ कमी आणि पाणी जास्त घालून पेज होई, पण त्या पाण्याला अन्न म्हणण्याची चूक तिथल्या गृहिणीने केली नसती.

अशीच गफलत पुढे पॅरिसमध्येही झाली. तिथे रसायनतज्ज्ञ द'आर्से यांनी हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे सूप रुग्णालयांत रूढ केले, आणि 1841 मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅजांदी यांच्या समितीने कुत्र्यांवरील प्रयोगांच्या आधारे त्याच्या पोषकतेचा दावा खोडून काढला.

किमान खुराकाचा हाच हिशेब हिंदुस्थानात, 1877 च्या दुष्काळात, सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या हाती अधिक कठोर झाला. दुष्काळी कामांवरील मजुराला रोज एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम, धान्य आणि वर थोडी रोकड पुरेल, असे त्यांनी ठरवले. अंगमेहनत करणाऱ्याचे एवढ्यावर भागत नाही, असा आक्षेप मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी घेतला, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली, आणि मुंबई इलाख्यातील हजारो मजूर, उपासमार समोर दिसत असतानाही, ती कामे सोडून निघून गेले.