रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



रात्री दीड-दोनच्या सुमारास एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन बसलात, तर एक पेशंट हमखास दिसेल. वय पंचवीस ते चाळीसच्या मधलं. दरदरून घाम सुटलेला, छातीत धडधड, दम कोंडलेला, ओठ बधिर, हाताच्या बोटांना मुंग्या. सोबत भेदरलेली बायको नाहीतर भाऊ. पेशंटचं एकच म्हणणं असतं, "डॉक्टर, मी आता जाणार." ईसीजी निघतो, रक्त तपासायला जातं. तासाभरात धडधड थांबलेली असते, रिपोर्टही आलेले असतात. डॉक्टर म्हणतात, "सगळं नॉर्मल आहे. तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका." आणि मंडळी रिक्षा करून घरी जातात.

मला आज जे सांगायचं आहे ते त्या रिक्षात बसलेल्या माणसाबद्दल. त्याच्या हृदयाला काही झालेलं नाही, हे खरं. पण त्याला काही झालेलं नाही, हे खरं नाही. त्याला पॅनिक अटॅक आला होता. तो कसा येतो हे वैद्यकशास्त्राला बऱ्यापैकी कळलेलं आहे आणि त्यावर चांगले उपचारही आहेत. फक्त ही गोष्ट त्याला कॅज्युअल्टीत कोणी सांगितली नाही. म्हणून आठवड्याभराने तो दुसऱ्या रुग्णालयात दुसरा ईसीजी काढतो. पुढे टू-डी एको, स्ट्रेस टेस्ट, पोटाची दुर्बीण, मेंदूचा एमआरआय. घरचे म्हणायला लागतात, "हा मनाला फार लावून घेतो." तो स्वतः म्हणत असतो, "माझा आजार कोणाला सापडतच नाहीये."

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, म्हणजे उद्या कोणी माझं नाव सांगून छातीतलं दुखणं अंगावर काढायला नको. असा त्रास पहिल्यांदा होत असेल, चाळिशी उलटलेली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, छातीतली कळ जबड्यात नाहीतर हातात जात असेल, चालताना वाढून थांबल्यावर कमी होत असेल, तर घरी बसून निदान करू नका. १०८ला फोन करा, रुग्णालय गाठा. थायरॉइड वाढलेलं असलं, दमा असला, साखर कमी झाली, तरीही अशीच लक्षणं दिसतात. तेव्हा एकदा नीट तपासणी व्हायलाच हवी. माझं म्हणणं आहे ते तपासणी होऊन गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

पॅनिकचा हा आजार आजकालच्या धावपळीने आणला असं म्हणतात, ते मला पटत नाही. १८७१ साली जेकब मेंडिस डा कोस्टा या अमेरिकी डॉक्टरांनी तिथल्या यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल एक लेख लिहिला. धडधड, धाप, छातीत दुखणं, आणि तपासलं तर हृदय ठणठणीत. पुढे १९६०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड क्लाइन हे मनोविकारतज्ज्ञ इमिप्रामिन नावाचं तेव्हाचं नवं औषध अशा रुग्णांना देऊन पाहत होते. काही आठवडे गेले. रुग्ण म्हणायचे, काही फरक नाही. फरक पडल्याचं लक्षात आलं ते वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांच्या. एरवी "मी मरतोय" म्हणत धावत नर्सेसकडे येणारी ही माणसं आता येईनाशी झाली होती. सततची काळजी होती तशीच होती, पण झटके थांबले होते. म्हणजे काळजी वेगळी आणि हा झटका वेगळा. त्या निरीक्षणातून पुढचं पुष्कळ काम उभं राहिलं आणि १९८० साली अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात पॅनिक डिसॉर्डर हे स्वतंत्र निदान दाखल झालं.

आता शरीरात काय होतं ते पाहू. संकट आलं की अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, स्नायू ताठतात. ही आपली जन्मजात संरक्षणव्यवस्था. पॅनिक अटॅकमध्ये हीच व्यवस्था समोर काही संकट नसताना चालू होते. दारातलं कुत्रं रात्री जिवाच्या आकांताने भुंकतं, आपण काठी घेऊन बाहेर जातो, तर कुंपणावर मांजर. भुंकणं खरं होतं, चोर खोटा होता. पेशंटला जाणवणारी धडधड शंभर टक्के खरी असते. तो नाटक करत नसतो आणि भित्राही नसतो.

मुंग्यांचं कारण तर मी प्रत्येक पेशंटला कागदावर काढून दाखवते. दम पुरत नाही असं वाटून माणूस भराभर खोल श्वास घ्यायला लागतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून गरगरतं, आजूबाजूचं सगळं स्वप्नातल्यासारखं, परकं वाटतं. रक्ताचा आम्ल-अल्कली तोल बदलतो, कॅल्शियमचं काम बिघडतं, म्हणून बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं वाकडीही होतात. घरचे म्हणतात, लकवा आला! कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आहेत. माणूस बोटाला तो लावून बसतो, आकडा अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव दिसतो, तरी दम पुरत नाही असंच वाटतं. कारण ऑक्सिजन कमी नाहीच. श्वास जास्त झालाय.

हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात बहुधा ओसरतो, काही केलं तरी आणि काही नाही केलं तरी. हे वाक्य लक्षात ठेवा. कारण सलाईन लावलं की बरं वाटतं, अंगारा लावला की बरं वाटतं, कोणी छातीवर बाम चोळला तरी बरं वाटतं. श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं.

१९८६ साली डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एक मांडणी केली. धडधड झाली की सगळ्यांनाच ती जाणवते. काही जण तिचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतात. या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, वाढलेल्या धडधडीने अर्थ पक्का होतो. चक्र पुरं होतं. आमच्याकडच्या उपचारांचा पाया आजही हाच आहे.

पण माणसाचं आयुष्य झटक्याने आखडत नाही, ते आखडतं झटक्याच्या धास्तीने. ओळख पटू नये इतका तपशील बदलून एका बाईंचं सांगते. डोंबिवलीला घर, फोर्टात नोकरी. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ठाणं सुटल्यावर त्यांना पहिला झटका आला. दरवाजापर्यंत पोचता येईना, गाडी थांबेना. पुढचं स्टेशन आल्यावर त्या उतरल्या, बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या, बरं वाटलं. झटका ओसरायची वेळ झालीच होती. पण मनाने हिशेब मांडला की उतरले म्हणून वाचले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फास्ट सोडून स्लो धरली; दर दोन-तीन मिनिटांनी उतरता येतं. मग दरवाजाजवळच उभं राहायचं. मग पर्समध्ये पाण्याची बाटली, गोळी, नवऱ्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. मग गर्दीची वेळ टाळायला अर्धा दिवस रजा. मग सोबत कोणी असेल तरच गाडी. शेवटी राजीनामा. ऑफिसात कारण दिलं, "मुलांकडे बघायला कोणी नाही." आमच्याकडे त्या आल्या तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही एकट्या जात नव्हत्या. या सगळ्या काळात त्यांचा एकही रिपोर्ट बिघडला नव्हता.

एखादा झटका पुष्कळांना आयुष्यात कधीतरी येऊन जातो; तो आजार नव्हे. झटके अवचित, पुन्हापुन्हा यायला लागले आणि महिनाभर पुढच्या झटक्याची धास्ती राहिली किंवा वागणं बदललं, तर आम्ही त्याला पॅनिक डिसॉर्डर म्हणतो. बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतं. पुरुषांच्या बाबतीत मला एक काळजी नेहमी वाटते. ते हा त्रास सांगत नाहीत आणि संध्याकाळी दारूने दाबतात. दारू उतरताना सकाळी घबराट वाढते, आणि संध्याकाळी पुन्हा दारू.

उपचार दोन तऱ्हेचे, कधी एक पुरतो, कधी दोन्ही लागतात. पहिला, बोलण्याचा आणि करण्याचा. याला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात. विचार तपासून भावना बदलता येतात ही कल्पना मराठी वाचकांना नवी नाही, कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांचं विवेकनिष्ठ मानसशास्त्र मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचलं. पॅनिकच्या उपचारात विचारांच्या जोडीला प्रत्यक्ष प्रयोग असतात. त्या डोंबिवलीच्या बाईंना आम्ही फिरत्या खुर्चीत बसवून मिनिटभर गरगर फिरवलं, जागच्या जागी पळायला लावलं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. धडधड झाली, चक्कर आली, त्या रडल्यादेखील. पण काही झालं नाही. त्यांनीच विचारलं, "म्हणजे एवढी धडधडूनही माणूस पडत नाही?" नाही, सहसा पडत नाही, कारण या झटक्यात रक्तदाब चढलेला असतो. मग लोकल. आधी एक स्टेशन, मग दोन, मग दरवाजापासून दूर, मग फास्ट. झटका आला तरी उतरायचं नाही, तो ओसरेपर्यंत गाडीत थांबायचं. सगळ्यात अवघड काम हेच, आणि गुण येतो तोही यानेच. हे प्रयोग तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायचे. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नाही.

दुसरा उपचार औषधांचा. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्या व्यसन लावत नाहीत. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढूही शकते. नेमक्या त्याच आठवड्यात बरेच लोक गोळी सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. बरं वाटल्यावरही कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गोळ्यांची. त्या लगेच शांत करतात, थोड्या दिवसांसाठी आम्हीही देतो. पण शेजाऱ्याची उरलेली पट्टी किंवा ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीविना आणलेली गोळी महिनोन् महिने घेत राहणं म्हणजे दुसरा आजार घरात आणणं.

घरच्यांनी काय करायचं? झटका आला की गर्दी करू नका, कांदा हुंगवू नका, तोंडाला पिशवी लावू नका. शेजारी बसा. सावकाश बोला. "हे आधीही झालंय, थोड्या वेळात उतरेल, मी इथेच आहे" एवढं पुरतं. श्वास मोठा घ्यायला सांगू नका. हळू सोडायला सांगा. आणि "तुला काही झालेलं नाही" हे वाक्य घरातून हद्दपार करा. ज्याला आपण मरतोय असं वाटतंय, त्याला त्यातून एवढंच ऐकू येतं की माझ्यावर कोणाचा विश्वास नाही.

मदत कुठे मिळेल? जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांतही ओपीडी चालते. तिथे गेलं म्हणजे दाखल व्हावं लागतं, हा समज चुकीचा आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखंच धरायचं आहे, हेही माहीत असू द्या. आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांना थेट विचारा, "हा पॅनिक अटॅक असू शकतो का? मला कोणाकडे पाठवाल?" हा प्रश्न पेशंटने विचारला की पुढचे तीन-चार स्कॅन वाचतात.

वेळ संपत आली आहे. आता प्रश्नोत्तरं. स्वयंसेवक कागद वाटत आहेत. प्रश्न लिहून पाठवा, नाव घालायची गरज नाही. ज्यांना इथे लिहिणंही अवघड वाटत असेल त्यांनी कागदावर १४४१६ हा आकडा तेवढा उतरवून घ्या आणि उद्या फोन करा.