मैहरचा बँड आणि चार वाजताची तालीम

चिमूर आपल्या भिवापुराहून फार लांब नाही. १९४२ च्या ऑगस्टात तिथे इंग्रज सरकारविरुद्ध जे पेटलं, त्यात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीभजनांचा वाटा किती होता, हे मी तुम्हाला सांगायला नको. सरकारने महाराजांना चंद्रपुरात अटक केली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. भजनाला शब्द होते, आणि सरकार शब्दांना भितं. पण माझा आजचा विषय आहे शब्द नसलेल्या संगीताचा. यमन कुणाच्या बाजूने बोलत नाही. भैरवी ऐकून कुणी सावकाराचं कर्जखातं जाळल्याचं मी ऐकलेलं नाही. मग रागदारी वाजवणारा वाद्यवृंद समाज बदलायला मदत करतो असं म्हणतात, ते कशाच्या जोरावर?

याचं एक उत्तर मला मैहरात सापडतं. १९१८ मध्ये मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आली. आपल्याकडेही तिने घरंच्या घरं ओस पाडली. मध्य भारतातल्या मैहर संस्थानात त्याच सुमारास बाबा अलाउद्दीन खाँ दरबारी कलावंत म्हणून आले होते. साथीत आईबाप गमावलेली पोरं त्यांनी गोळा केली आणि त्यांच्या हाती वाद्यं दिली. ज्या काळात घराण्याची चीज जावयालासुद्धा हात राखून दिली जायची, त्या काळात ही विद्या ज्यांना घरच उरलं नव्हतं त्यांना मिळाली. यातून ‘मैहर बँड’ उभा राहिला. सतार, इसराज, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, तबला. शिवाय बंदुकीच्या नळ्या कापून, त्या सुरात लावून बाबांनी केलेलं नळतरंग. बाबांचे शिष्य रविशंकर आणि मुलगा अली अकबर जगभर गाजले, म्हणून मैहर म्हटलं की आपल्याला तेच आठवतात. मला मात्र बाबांचं मोठं काम हा बँड वाटतो. तो आजही वाजतो.

आपल्या संगीताला हे जमवणं सोपं नव्हतं. आपली मैफल एकट्याची. गवई पुढे जातो, साथीदार त्याला सांभाळून घेतात. वृंदात तसं चालत नाही. सगळ्यांनी एका समेवर यायचं. ज्याची तान आधी संपली तो हुशार ठरत नाही, चुकतो. शेजारच्याचं ऐकल्याशिवाय स्वतःचं वाजवता येत नाही, आणि शेजारी कोण बसणार हे वाद्य ठरवतं, आडनाव नाही. मुसलमान गुरू, हिंदू राजा, आणि शारदेच्या डोंगराजवळ वसलेलं ते गाव. बाबा स्वतः शारदेचे भक्त होते. आज हे सांगताना आवाज थोडा खाली घ्यावा लागतो, याचं मला वाईट वाटतं.

आता एक गंमत. बाबा तरुणपणी कलकत्त्यात व्हायोलिन शिकले ते लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरांकडून. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना गाणं आणि स्वरलेखन शिकवत. ती विद्या पोटापाण्याला आली: कुणी फौजेच्या बँडात गेलं, कुणी संस्थानात, पुढे कितीतरी जण मुंबईच्या सिनेमात. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाची मांडणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. म्हणजे गोव्याच्या त्या विद्येचा धागा कलकत्त्यामार्गे मैहरच्या अनाथ पोरांपर्यंत पोचला.

त्याच गोव्यात २००९ साली लुईस डायस या डॉक्टरांनी ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ सुरू केलं. ते इंग्लंडमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ होते. २००७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी सोवेटोच्या वस्तीतल्या मुलांचा ‘बस्केड’ हा तंतुवाद्यांचा चमू ऐकला आणि परत येऊन पणजीत गरीब घरांतल्या मुलांना व्हायोलिन, चेलो, बासरी शिकवायची व्यवस्था केली. पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हणजे श्रीमंतांचा शौक, असा आपला समज. ज्यांच्या घरी व्हायोलिन विकत घेण्याची ऐपत नाही त्यांनी मोझार्ट वाजवावा का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्यांनी शेतमजुरीच करावी असं कुठे लिहिलंय?

आपल्या शेजारी वरोऱ्याला आनंदवनाचं ‘स्वरानंदवन’ आहे. डॉ. विकास आमटे यांनी तो वाद्यवृंद उभा केला. त्यात कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर, अपंग कलावंत आहेत. गाणी बहुतेक सिनेमाची आणि लोकप्रिय, शास्त्रीय नव्हे. पण ज्याच्या हाताचं पाणी लोक घेत नव्हते, तो मंचावर आणि आपण तिकीट काढून खाली, ही बैठकच बोलकी आहे.

मात्र या सगळ्याला भाबडेपणाने टाळ्या वाजवू नका. व्हेनेझुएलात होसे अंतोनियो आब्रेऊ या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये कराकसच्या एका गॅरेजात ११ मुलांना घेऊन ‘एल सिस्तेमा’ सुरू केलं. गुस्तावो दुदामेलसारखा वाद्यवृंद-संचालक त्यातून आला. जगाने कौतुक केलं, नकला केल्या. नंतर तिथे ३ हजारांच्या आसपास मुलांचा नीट अभ्यास झाला. मुलांच्या संयमात थोडी सुधारणा दिसली, पण एक अवघड गोष्टही पुढे आली: प्रवेश घेणाऱ्यांत गरीब घरांतली मुलं त्या भागातल्या गरिबीच्या मानाने बरीच कमी होती. वर्ग फुकट, तरी गरीब पोर पोचलं नाही. मला तरी यात नवल वाटत नाही. दुपारी चारच्या तालमीला येतं कोण? ज्याला चार वाजता दुसरं काम नाही तो.

भिवापुरात हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही. मिरचीच्या दिवसांत आई सातऱ्यावर देठ खुडायला बसते, तेव्हा घरी चूल आणि धाकटा भाऊ कुणाकडे असतो? तिच्या मोठ्या मुलीकडे. तुम्ही उत्तम सतार आणा, नागपूरहून गुरुजी बोलवा, आणि वर्ग चारला ठेवा. ती येणार नाही, आणि आपण म्हणू की या लोकांना आवडच नाही.

तेव्हा इथल्या तरुणांनी कधी वाद्यवृंद उभारायचं मनावर घेतलंच, तर आधी सातऱ्यावर जाऊन सुटी किती वाजता होते ते विचारावं. तालमीच्या खोलीत धाकट्यांसाठी एक सतरंजी वेगळी अंथरावी. पेट्या, तबले, खंजिऱ्या भजनी मंडळांकडे आहेत. शिक्षकाचं म्हणाल, तर लग्नाच्या वरातीपुढे क्लॅरिनेट वाजवत चालणारा आणि मांडवात शेवटच्या पंगतीला बसणारा माणूस सूर जाणतो. लग्नसराई संपली की तो मोकळा असतो. त्याला मानधन ठरवून बोलवा, आणि खुर्ची द्या.