फुटकी नळी आणि दुरुस्तीचा कागद



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर, राज्यघटनेवर आणि गोदावरीच्या पाण्यावर व्याख्याने झालेली आहेत. आज मोटारीच्या रबरी नळीवर व्याख्यान आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "चालेल, उन्हाळाच आहे." त्यांचे म्हणणे खरे आहे. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या रस्त्याला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. त्यांतल्या पुष्कळ गाड्या हातभर नळीपायी थांबलेल्या असतात.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. चौदाव्या वर्षी आम्ही ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो, पुढे ड्रायव्हर झालो, आणि नंतर ड्रायव्हर-क्लीनरांच्या संघटनेचे काम अंगावर आले. जे काही समजते ते वाचनालयात, गॅरेजात आणि मोर्चात समजले. तेव्हा एखाद्या इंजिनिअराने आमची चूक काढली तर ती आम्ही मान्य करू. मात्र त्याने आधी आपल्या गाडीची नळी दाबून पाहिलेली असावी.

इंजिनात जळणाची जी उष्णता होते, तिच्यातला थोडाच भाग चाक फिरवतो. उरलेली बाहेर टाकावी लागते. ते काम पाणी करते. पंप ते इंजिनाभोवती फिरवतो, वरच्या नळीतून ते रेडिएटरमध्ये जाते, तेथे निवते आणि खालच्या नळीतून परत येते. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक दरवाजा असतो. पाणी ८०-९० अंशांच्या घरात तापले की तो उघडतो. येथवर सगळे सोपे आहे. अवघड गोष्ट आहे ती झाकणाची. आपल्या भगिनींना ती लगेच कळेल, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात तीच आहे. कुकरच्या शिट्टीचे वजन वाफ कोंडून धरते, म्हणून आतले पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरचे झाकणही पाणी असेच दाबून ठेवते. इंजिन तापलेले असताना ते झाकण उघडणे म्हणजे शिट्टी न काढता कुकरचे झाकण ओढणे. आमच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत जो पांढरा डाग आहे, तो आम्ही सोळाव्या वर्षी केलेल्या या शहाणपणाचा आहे. अर्धा तास थांबा. प्रवासी ओरडले तरी थांबा.

हा सगळा दाब सोसते ती नळी. ती रबराची, आत धाग्यांचे विणकाम. आपण तिला वरून पाहतो आणि चकचकीत दिसली म्हणून समाधान मानतो. पण नळी पुष्कळदा आतून मरते. पाण्यातील रसायन, नळीचे रबर आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये बारीकसा विद्युत्-व्यवहार चालतो, आणि त्याने टोकांपाशी आतल्या बाजूला उभ्या चिरा पडतात. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. सकाळी, इंजिन थंड असताना, नळी क्लिपेजवळ दोन बोटांनी दाबावी आणि मग मध्ये दाबावी. टोक मध्यापेक्षा मऊ, पोकळ लागले, किंवा दाबताना आत काही कुरकुरल्यासारखे वाटले, तर तिचे दिवस भरले. तेल लागून फुगलेली, लाकडासारखी कडक झालेली नळीही बदलावी. जोडाभोवती पांढरी, हिरवी किंवा गुलाबी खपली दिसली, तर तेथून पाणी झिरपून वाळते आहे असे समजावे. पुष्कळदा अशा वेळी नळी चांगली असते, फक्त क्लिप सैल असते. मात्र क्लिप आवळतानाही जोर बेताने लावावा. फार आवळली की ती रबर कापते.

रस्त्यात नळी फुटली तर काय करावे? चीर टोकाशी असेल आणि नळीला लांबी असेल, तर थंड झाल्यावर तेवढे टोक कापून नळी पुन्हा चढवावी व क्लिप बसवावी. चीर मध्ये असेल तर ती जागा कोरडी पुसून, स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून ताणून गुंडाळावी, झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे म्हणजे दाब कमी राहतो, आणि काट्यावर नजर ठेवून हळू जवळच्या गावापर्यंत जावे. हा इलाज गाव गाठण्यापुरता आहे. लग्नाची तिथी काढू नये. वाटेत बोअरचे पाणी घातले असेल तर नंतर ते काढून टाकावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने घागरीला जे पांढरे थर बसतात, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. शुद्ध केलेले पाणी आणि कुलंट, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात, हेच घालावे. जमिनीवर सांडलेले कुलंट मात्र धुऊन टाकावे. पुष्कळ कुलंटांत असणारे ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री ते चाटतात, आणि लहान मुलेही चाटू शकतात.

आता दुसऱ्या, अधिक कठीण भागाकडे वळू. तो भाग रबराचा नाही, कागदाचा आहे.

काही वर्षांपूर्वी आमचा एक सभासद, प्रवासी गाडी चालवणारा, कार्यालयात येऊन बसला आणि त्याने एक छापील अंदाजपत्रक टेबलावर ठेवले. गाडीखाली पाण्याचा डाग पडतो म्हणून त्याने ती एका मोठ्या शहरातील कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली होती. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, सर्व नळ्या आणि इंजिनाची आतून सफाई, मिळून अडतीस हजार रुपये. माणसाचा चेहरा उतरलेला. आम्ही त्याला आपल्याकडच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेले. मिस्त्रीने थंड इंजिनाला हातपंपाने दाब दिला आणि बॅटरी घेऊन तो गाडीखाली शिरला. पाच मिनिटांत खालच्या नळीच्या क्लिपेतून थेंब पडताना दिसला. नळी, दोन क्लिपा, कुलंट आणि मजुरी धरून खर्च दोन हजारांच्या आत आला. आम्ही ही हकिकत सभेत सांगितली, टाळ्या घेतल्या.

त्या टाळ्या आम्हांला महाग पडल्या. आम्हांला म्हणण्यापेक्षा दुसऱ्या एका सभासदाला.

त्यानंतर दीड वर्षाने तो आला. त्याच्या कागदावर लिहिले होते: हेड गॅस्केट गेले आहे, हेड उतरवावे लागेल. आम्ही कागद पुरता वाचलाही नाही. "हे सगळे असेच लिहितात, नळी बदल आणि चालव," असे बोलून मोकळे झालो. मालकाचा कागद दिसला की तो खोटाच, ही सवय तीस वर्षांच्या संघटनेच्या कामात अंगात मुरलेली. त्याने नळी बदलली. आठव्या दिवशी बालाघाटाच्या चढावर इंजिन जॅम झाले. हप्ते राहिले होते. सभासदांनी वर्गणी काढली, ती पुरली नाही. गाडी भंगाराच्या भावात गेली, आणि तो आज दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर आहे. त्याने आम्हांला कधी शब्दाने दुखावले नाही. दुखावले असते तर बरे वाटले असते.

त्या कागदातली खूण आम्ही वाचायला हवी होती. बाहेर कोठेही गळती नसताना पाणी कमी होणे. इंजिन तापल्यावरही धुरातून पांढरी, गोडसर वासाची वाफ येत राहणे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे. आणि विशेष म्हणजे, थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरची नळी दगडासारखी कडक होणे. पाणी तापण्यापूर्वीच दाब आला, म्हणजे जळणाचा वायू पाण्यात शिरतो आहे. सारे काही नळीच सांगत होती, आणि आम्ही तीच बदलायला सांगितली.

तेव्हापासून आम्ही कागद फेकून देत नाही, आणि डोळे मिटून सहीही करू देत नाही. "काय बदलायचे" यापेक्षा "हे कशावरून कळले" असे विचारतो. दाब देऊन पाहिले काय? कोठून गळते, ते दाखवा. आज न केल्यास काय बिघडेल, आणि पुढच्या सर्व्हिसपर्यंत काय थांबू शकेल, हे वेगवेगळे लिहून द्या. काढलेले सुटे भाग परत द्या. खरे सांगणारा मनुष्य या प्रश्नांना रागावत नाही, गाडी लिफ्टवर चढवतो. जॉब कार्डावर न लिहिलेले काम करू नये, असे त्यावरच लिहून ठेवावे.

काउंटरवरच्या मुलावर मात्र आवाज चढवू नये. अशा अनेक ठिकाणी त्याला दरमहा इतक्या रकमेचे काम आणण्याचे लक्ष्य दिलेले असते. मूळ पगार बेताचा, वरकड त्या लक्ष्यावर. तोही कामगारच. लोभाचा हिशेब त्याने मांडलेला नाही, त्याच्याकडून तो मांडून घेतला जातो.

कायदाही आपल्या बाजूने थोडा सरकला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग व दुरुस्तीची माहिती मोकळेपणी मिळू न देणे, हा मुख्य आक्षेप. कंपन्या अपिलात गेल्या, ती कथा लांब आहे. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष सेवेबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. पण तेथे तोंडी हकिकत पुरत नाही. जॉब कार्ड, पावती आणि तो जुना सुटा भाग लागतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. बाहेर अध्यक्षमहाराजांची गाडी उभी आहे. येताना तिच्याखाली आम्हांला हिरवट डाग दिसला. इंजिन आता थंड झाले असेल. सभा उठल्यावर आम्ही दोघे मिळून जरा नळी दाबून पाहतो, ज्यांना शिकायचे असेल त्यांनी बॅटरी घेऊन यावे.