गाडीच्या मेंदूसाठी बोर्ड कोणता?

राजाजीनगरात आमच्या घरामागच्या शेडमध्ये एक जुनी मारुती ८०० आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. कार्ब्युरेटर काढून मी तिला नंतरच्या एमपीएफआय मॉडेलची थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर बसवले. मग प्रश्न आला, इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचे हे ठरवणारा कंट्रोलर कशावर बांधायचा?

भाचा म्हणाला, "मामा, रास्पबेरी पाय घ्या. आर्डुइनो म्हणजे खेळणं."

हिशेब करू. ६,००० आरपीएमला इंजिनाचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे क्रँकचा एक अंश सुमारे २८ मायक्रोसेकंदांत. पायवर लिनक्स चालतं. ते मध्येच दुसऱ्या कामात गुंतलं आणि एकच मिलिसेकंद उशीर झाला, तर क्रँक ३६ अंश पुढे गेलेला असतो. ठिणगी इतकी उशिरा पडून कसं चालेल? आर्डुइनो मेगाची चिप फक्त १६ मेगाहर्ट्झची, रॅम ८ केबी. पण तिचे टायमर कुणासाठी खोळंबत नाहीत. स्पीडुइनो हा खुला प्रकल्प याच बोर्डावर उभा राहिला. एसटीएम३२ वर चालणारा रुसईएफआय जास्त ताकदीचा, पण माझ्या तीन सिलिंडरांना मेगा पुरे.

इथवर माझं बरोबर होतं. चूक पुढे झाली. एसपी रोडवरून साधा ७८०५ रेग्युलेटर आणला, आणि बोर्ड व रेडिएटरचा फॅन एकाच बारीक वायरवर जोडले. नवरंग सर्कलच्या सिग्नलला फॅन सुरू झाला, व्होल्टेज क्षणभर पडलं, बोर्ड रीसेट, इंजिन बंद. मागे बस, शेजारी आमची ही. ती एवढंच म्हणाली, "फौजेत असंच करायचात का?"

फौजेत कुणी असं केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला ठाऊक होतं. गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही. तरी मी ती रस्त्यावर नेली.

म्हणून सांगतो, प्रोसेसरवर वाद घालण्याआधी वीज बघा. स्टार्टर फिरताना बारा व्होल्टची बॅटरी बरीच खाली येते, आणि अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची तार सुटली तर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं. गाडीसाठीच बनवलेला एलएम२९४० हे दोन्ही बऱ्यापैकी झेलतो. तो आता लावलाय, आणि बोर्डाला बॅटरीपासून वेगळी जाड वायर दिली आहे.

गाडी सध्या शेडबाहेर काढत नाही. काल फॅन, हेडलाइट, वायपर सगळं एकदम चालू केलं. इंजिन बंद पडलं नाही. हिला हाक मारून दाखवलं. तिने पाहिलं, बरं म्हणाली आणि बाजारात रिक्षाने गेली.